चिखल लावणारा

३ नोव्हेंबर, सोमवार
रणगाडा धुतला. धुवायचा नव्हता!

साहेब दुपारी झोपलेले. काचेच्या कपाटातला तो जर्मन टायगर रणगाडा बघावा तेव्हा चिखलात लोळून आल्यासारखा. म्हटलं, मालक खूश होईल. भांड्याचा साबण, जुना ब्रश. पाच मिनिटांत लख्ख!

साहेब उठले, कपाटापाशी गेले अन् मटकन खाली बसले. "प्रदीप! अरे, तो रशियातला चिखल होता!"

गणपतीपासून दिवाळीपर्यंत लावत होते म्हणे. मला काय माहीत? आमच्याकडं चिखल फुकट लागतो.

५ नोव्हेंबर
शिक्षा मिळाली. आता चिखल मीच करायचा.

उदयसिंह साहेब विमा कंपनीतून रिटायर झालेत. मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं, पण गाडी निघते कधीतरी मंडईपुरती. बाकी वेळ रणगाडे. परदेशातून खोका येतो. आत प्लास्टिकचे तुकडे, चौकटीला चिकटलेले. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे — की खऱ्या लढाईतला रणगाडा पस्तीसपट लहान होऊन कपाटात बसतो. इथवर ठीक. पण मग त्याला गंज चढवायचा, पोचे पाडायचे, धूळ मारायची. नवा करायला एक महिना, जुना करायला दोन! त्यापेक्षा आमच्या गावचा ट्रॅक्टर आणून ठेवा म्हणावं, तयारच आहे.

चिखल बाटलीत विकत मिळतो. खरंच! साहेबांची बाटली संपली म्हणून कर्नाळ्याच्या पायथ्याची माती आणली, चहाच्या गाळणीतून गाळली, डिंकात कालवली. मॅडम — म्हणजे साहेबांच्या मिसेस, सुनीता मॅडम — गाळणी बघून म्हणाल्या, "लोक घरात चिखल येऊ नये म्हणून पायपुसणं ठेवतात. आमच्याकडे चिखलाला माणूस ठेवलाय!"

८ नोव्हेंबर, शनिवार
आईचा फोन. आष्टीजवळचं स्थळ आलंय. स्नेहल नाव. मोबाईलच्या दुकानात कामाला आहे.

"त्यांनी इचारलं, पोरगा काय करतो. म्या सांगितलं, रणगाड्याच्या कामावर हाय. लई खूश झाले!"

आता हे मीच आईला सांगितलेलं. खोटं नाही सांगितलं. माप सांगितलं नाही, एवढंच. तिनं विचारलंच नाही!

आधी दोन ठिकाणी नकार खाल्लाय. आठवी नापास, परक्याची गाडी चालवतो — दुसऱ्या घरी तर पोहे पण पुढं आले नाहीत. फोटोतली ही पोरगी माझ्याकडं बघून हसतेय असं वाटतं. फोटोवाल्याकडं बघून हसली असणार. तरी.

१० नोव्हेंबर
स्नेहलनं स्वतः फोन केला! मी जिन्यात पळालो.

"तुमच्या हाताला ग्रीसचा वास येत असंल ना?"

"नाही, फेविकॉलचा."

खदखदून हसली. खरं बोललो ते तिला गंमत वाटलं. मी पण हसलो. सांगायची वेळ तीच होती — गेली.

१२ नोव्हेंबर
मेलो. रविवारी तिचे मामा काम बघायला येतायत. मुलाची नोकरी डोळ्यानं बघितल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, असं त्यांच्यात आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. म्हणालो, फक्त एवढंच म्हणा — रणगाड्यांवर काम करतो, चांगला आहे.

"मी खोटं बोलणार नाही, प्रदीप."

मॅडम आतून — "अहो, मग आयुष्यभर पॉलिसी कशा विकल्यात?"

१६ नोव्हेंबर, रविवार
बळीराम मामा पनवेल स्टँडवर उतरले. कडक इस्त्री, नवी चप्पल. साहेबांच्या गाडीतून आणलं. वाटेत मोठं गेट दिसलं की मान वळवायचे. बिल्डिंगमध्ये शिरलो तेव्हा म्हणाले, "हापिस वर हाय व्हय?"

साहेबांना तर पाहुणा मिळाला! एकेक रणगाडा काढून दाखवला — हा कुठल्या लढाईतला, ह्याची तोफ केवढी. मामा माना डोलवत राहिले. शेवटी हळूच विचारलं, "आन् मोठे कुठं ठिवलेत?"

"हेच."

मामांनी कपाटाच्या मागं पण डोकावून बघितलं. साहेबांना वाटलं आता मला मदत करावी. "ह्याच्यासारखा चिखल कुणी लावत नाही हो!" मॅडम सावरायला गेल्या — "भाकरी पण करतो!" झालं. ड्रायव्हर होतो, त्याचा स्वयंपाकी झालो.

मामांनी चहाला हात लावला नाही. स्टँडवर उतरताना म्हणाले, "पाव्हणं, आमची भाची काय खेळण्याच्या दुकानात द्यायची?"

एस.टी. जाईपर्यंत उभा होतो. मूर्खासारखा हात पण केला!

१७ नोव्हेंबर
नकार. आई रडली. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर
साहेब तोंड चुकवून फिरतायत. आज त्यांना फोन आला — बळीराम मामांचा! त्यांचा पोरगा कल्पेश घरी बसून आहे. अशीच एखादी नोकरी बघता का? अशीच!

भाचीला जे चालत नाही ते पोराला चालतं. साहेबांचे खारघरचे मित्र सत्यजीत सर, त्यांना पण माणूस हवाय. त्यांचे पण रणगाडेच. लागला कल्पेश!

२४ नोव्हेंबर
कल्पेश आला. त्याला चिखल शिकवायला कोण? मी! वाटलं, डिंक जास्त घालायला सांगावा, बिघडू दे सगळं. पण पोरगा गरीब आहे. गाळणी धरून विचारतो, "दादा, हे खरंच काम हाय का?"

म्हटलं, पगार खरा आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
स्नेहलचा फोन. बळीराम मामांनी गावात पेढे वाटले — आमचा कल्पेश रणगाड्याच्या कामाला लागला! हिनं पेढा हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, मग त्या स्थळाचं काय वाईट होतं?" मामांना ठसका लागला. तिच्या वडिलांनी निरोप दिलाय, पुढच्या रविवारी या.

मी म्हणालो, "स्नेहल, ते रणगाडे केवढे असतात, माहितीय ना?"

"माहितीय की. तिकडून आल्या आल्या मामांनी चप्पल काढून दाखवली, एवढा म्हणून. आता पारावर दोन्ही हात पसरून दाखवतेत."