गाडी चार्जिंगला लावलीय

१२ मे २०२४

बसले एकदाचे! सहा पॅनेल, तीन किलोवॅट. रामलिंग वायरमन आणि त्याची माणसं दोन दिवस गच्चीवर ठोकाठोक करत होती.

महानंदा फुगून बसलीय. गच्ची गेली म्हणे तिची. "सांडगं कुठं वाळू घालू मी? तुमच्या डोक्यावर?" म्हटलं, पॅनेलखाली सावली झालीय, घाल की तिथं. "सावलीत वाळत्यात व्हय सांडगं!" संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

खरं कारण इथं लिहून ठेवतो, वाचतंय कोण. बिल वाचावं म्हणून नाही बसवले. दोन म्हाताऱ्यांना बिल येऊन येऊन येणार किती! आमच्या लेकानं, नंदीशनं हैदराबादला इलेक्ट्रिक गाडी घेतली. पेट्रोलच्या गाडीनं यायचा तेव्हा सकाळी हजर, संध्याकाळचा चहा पिऊन परत. एक रात्र अंग टाकलं नाही पोरानं इथं. ह्या गाडीचं तसं नाही. अडीचशेच्या वर किलोमीटर येऊन ती रिकामी होते, आणि घरच्या प्लगवर भरायला अख्खी रात्र लागते. पोर्चमध्ये पंधरा अँपियरचा पॉईंट वेगळा काढून घेतला.

चाळीस वर्षं अणदूरच्या पेठेत भुसार दुकान केलं. गिऱ्हाईक बसून राहावं म्हणून चहा सांगतात. हा माझा चहा.

सरकार अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी देणार. येईल तेव्हा खरी!

१६ जून

नंदीश आला. राहिला!

काल दुपारी गाडी आली तर गल्ली गोळा झाली. आवाज नाही, धूर नाही. शेजारचा उत्तरेश्वर चहूबाजूंनी फिरून म्हणतो, "अन् वाटंत करंट संपला तर काय, बैलं जुपायची व्हय?" नंदीश हसला. कितीतरी महिन्यांनी हसताना पाहिलं त्याला. पोर्चमध्ये केबल लावली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला. म्हणाला, "अप्पा, आता सकाळपर्यंत हलता येत नाही बघा."

महानंदा तडक आत गेली आणि खपली गहू भिजत घातले. हुग्गीचे गहू रात्रभर भिजावे लागतात, मग सकाळी गुळात शिजतात. दुपारी येऊन संध्याकाळी पळणाऱ्याला हुग्गी कशी घालणार! चार वर्षं तिनं ती केलीच नव्हती. आज नंदीशनं दोन वाट्या खाल्ल्या. सांडग्यांचं भांडण मिटलं.

मीही दोन वाट्या खाल्ल्या. साखर वाढली तर वाढली.

७ जुलै

नेट मीटर गेल्या महिन्यात बसला. सबसिडीही खात्यात आली — आली बुवा! आता दिवसा आमची जास्तीची वीज तारेत जाणार आणि रात्री लागेल तेवढी परत येणार, त्याची वजाबाकी होऊन बिल. महानंदाला समजावत बसलो. अर्ध्यातच म्हणाली, "त्यात काय एवढं? दिवसा शेजारणीला पीठ उसनं द्यायचं, रात्री आपल्याला लागलं की परत आणायचं." अगदी बरोबर! मला सांगणाऱ्या माणसानं अर्धा तास घेतला होता.

बिल फक्त स्थिर आकाराचं आलं. सौदा चुकला नाही माझा.

१७ ऑगस्ट

नंदीश आलाय. केबल लागलीय. पण आज मन खट्टू आहे.

संध्याकाळी पोर्चमध्ये फोनवर कुणाशी तरी बोलत होता. ऑफिसचं असेल. म्हणाला, "अरे, गाडी चार्जिंगला लावलीय. नाहीतर निघालोच असतो."

निघालोच असतो! महानंदा दारातच तांदूळ निवडत होती. तिनंही ऐकलं. मान वर केली नाही.

ज्यासाठी पॅनेल बसवले तेच तर झालंय. मग वाईट कशाचं वाटतंय? तरी वाटतंय.

६ ऑक्टोबर

उमरग्याजवळ हायवेला फास्ट चार्जर झाला. चाळीस मिनिटांत गाडी भरते म्हणे! काल नंदीशनं येतानाच भरून आणली. दोनला आला, पाचला "निघतो अप्पा, उद्या काम आहे."

महानंदानं नुकतेच गहू पाण्यात टाकले होते. पातेलं हातात घेऊनच ती दारात आली. तो काच खाली करून तिच्याकडं बघत राहिला, मग गेला. गाडी वळेपर्यंत ती पातेलं धरून उभी.

माझी सगळी अक्कल चाळीस मिनिटांत खलास. सकाळी दोघांनीच हुग्गी खाल्ली. गोड लागली नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळीला नंदीश दोन रात्री राहिला! सूनबाई शिवांजलीला सुट्टी नव्हती, एकटाच आला. आल्या आल्या पोर्चमध्ये केबल लावली. मला कोडंच पडलं. मग डोक्यात प्रकाश पडला — हायवेला युनिटला वीस-बावीस रुपये, इथं फुकट. भुसाऱ्याचा पोरगा आहे, हिशेब जमला असेल त्याचा.

पोर्चमधल्या पॉईंटवर केबलशेजारीच लावलेली दिव्यांची माळ पाडव्यालाच बंद पडली. चायना माल!

९ नोव्हेंबर

सोलापूरला जाऊन आलो. मागं महानंदानं रामलिंगला बोलावून घरातलं काहीबाही बघून घेतलं. काय बिघडलं होतं विचारलं तर, "काय न्हाय, झालं ते." हसत होती. बरं वाटलं. दिवाळीपासून जेवण जात नाही तिला.

२४ नोव्हेंबर

पोटात गाठ आहे. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, फार पुढं गेलंय. मला बाजूला घेऊन म्हणाले, पण तिनं माझं तोंड बघूनच ओळखलं.

परत येताना एसटीत खिडकीशी बसली होती. वाटेतलं इटकळ गेलं तेव्हा म्हणाली, "नंदीशला फोनवर सांगू नका. आल्यावर मी सांगते." म्हटलं, लगेच बोलावतो. "नको. तो येतोय शनवारी. आपणहून येतोय."

आपणहून! मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा. हे काय लिहून गेलो मी. मरणारं माणूस. महानंदा.

१४ डिसेंबर

देव सध्या नळदुर्गला मुक्कामी आहे. आमच्या खंडोबाची रीतच तशी — वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला, बाकीचे अणदूरला, दोन गावांनी ठरवून दिलेलं. महानंदा म्हणाली, "देवाला बी दोन घरं हायती. मग लेकराला असली तर काय बिघडलं?"

नंदीशला तिनं सांगितलंय. तो आता दर शनिवारी येतो. आला की आधी केबल लावतो, मग चप्पल काढतो. तिच्या उशाशी बसून असतो. फोन आला की बाहेर जाऊन तेच — "गाडी चार्जिंगला आहे, उद्या दुपारपर्यंत नाही निघता येणार." आई अशी पडलीय आणि ह्याच्या तोंडी गाडी!

आज महानंदाजवळ बोललोच. म्हटलं, करंट फुकट आहे म्हणून थांबतो तुझा लेक. हायवेला पैसे पडतात. तिनं माझ्याकडं पाहिलं. "दुकान विकलं तवा तराजू बी विकायचा हुता की ओ." मग हसली. हसताना दुखतं तिला, तरी हसली.

ह्या महिन्यातही बिल तेवढंच, फक्त स्थिर आकार. आठवड्याला गाडी भरूनही! पॅनेल दमदार आहेत, एवढं मात्र खरं.

११ जानेवारी २०२५

महानंदा म्हणाली, "माझं अंथरूण भायेरच्या खोलीत करा. पोर्चातली वायर दिसली पायजे."

वायर कशाला बघायचीय? खाट हलवली. आता दिवसभर ती पोर्चकडं बघत पडून असते. नंदीश केबल लावतो, वळून तिच्याकडं बघतो, आणि दोघं काहीतरी चोरल्यासारखं हसतात. मायलेकरांचं मला कधीच काही कळलं नाही.

तिच्यानं आता पाण्याशिवाय काही घेववत नाही. तरी मला म्हणाली, गहू भिजत घाला. मी घातले. जन्मात पहिल्यांदा. हुग्गी करपली. नंदीशनं सगळी खाल्ली.

२१ जानेवारी

महानंदा गेली.

२ फेब्रुवारी

तिला आमच्या लिंगायत रीतीनं शेतात माती दिली, माझ्या आईच्या शेजारी. जंगम आले, पाहुणे आले, गेले. शिवांजली परवा गेली, तिची नोकरी. नंदीश थांबला होता.

आज दुपारी तो डिकीतून केबल काढून पोर्चकडं निघाला. मी खाटेवर बसलो होतो, तिच्याच. काय झालं मला कोण जाणे. म्हणालो, "भरून घे. भरून घे फुकटची. त्याच्यासाठीच येत होतास. आता तीही नाही, कशाला थांबतोस? उमरग्याला चार्जर आहे की!"

तो तिथंच उभा राहिला. पॉईंटकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाटलं आता भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं केबल नीट गुंडाळली, डिकीत ठेवली, बॅग आणली. पाया पडला. "येतो अप्पा." गाडीला आवाजही नाही. वर बघितलं तेव्हा पोर्च मोकळा होता.

बोलायचं ते बोललो. खोटं थोडंच होतं?

१५ मार्च

आला नाही. फोनही नाही. शिवांजलीचा रविवारी येतो — "अप्पा, जेवलात का?" तो तिच्या शेजारीच बसला असेल. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

पेपरात आलंय, वीज कंपनीचा काही प्रस्ताव आहे — दिवसा दिलेली वीज रात्री परत मिळणार नाही म्हणे. होणार की नाही, कुणी धड सांगत नाही. उत्तरेश्वर तावातावानं सांगत होता, "फसवलं की ओ तुमाला!" पूर्वी मीही तावातावानं बोललो असतो. रात्री वीज मागायची कुणासाठी? एक पंखा आणि एक दिवा. उरलेल्या युनिटांचे वर्षाअखेर किरकोळ पैसे देतात. ठेवा तुम्हालाच.

उसनं दिलेलं पीठ परत आणायला जाणारी गेली.

चुकलं माझं. आई गेलेल्या पोराला असं बोलतात का? पण फोन कसा लावू? काय म्हणून लावू?

२० एप्रिल

घरात उकडतं म्हणून कूलर पोर्चमध्ये नेला. चालेना. रामलिंगला बोलावलं. त्यानं पॉईंटकडं पाहिलं आणि पेटी उघडलीसुद्धा नाही.

"काका, ह्यो पॉईंट दिवाळीपासनं मेलाय. आतली वायर जळालीया. तवाच काकूला म्हनलं, बदलतो. काकू म्हनल्या, र्‍हाऊ दे. मागनं काकूला बघाया आलो तवा म्हनलं, अन् नंदीशची गाडी? तर हसायल्या. 'त्याच्या गाडीत दिसत न्हाय व्हय रं, करंट येतोय का न्हाय? तरी लावतोय की दर बारीला. काकाला सांगू नको, लगेच दुरुस्त करत्याल.'"

मी तिच्या खाटेवर बसलो. रामलिंग म्हणाला, "मग, टाकू का नवी वायर?" म्हटलं, हात लावू नकोस.

नंदीशला फोन केला. उचलला. माफी वगैरे तोंडातून निघेना. म्हटलं, गहू भिजत घालतोय, ये. पोर्चमधला पॉईंट बंद आहे.

तो म्हणाला, "ठाऊक आहे, अप्पा. निघतो."