डाव्या पायाची सवय

प्रिय फिरक्या,

अक्षर तुझ्या बायकोचं आहे आणि बोलणं माझं. चुका निघाल्या तर तिच्या, अक्कल निघाली तर माझी, असं आमचं ठरलंय. मी बोलते तसंच लिही, मध्येच साखर पेरू नकोस, असंही तिला बजावलंय. फोनवर तू नुसता 'हो आजी, हो आजी' करतोस आणि तुझ्या मागे कारखान्यातलं कुठलं तरी यंत्र घरघरत असतं. म्हणून हा कागद. त्याला 'हो' म्हणून गप्प बसवता यायचं नाही.

तू पाठवलेली छोट्या ट्रॅक्टरांची रंगीत पुस्तकं पोचली. ही मला तीन दिवस वाचून दाखवत होती. तुझ्या लग्नाची बोलणीसुद्धा मी इतक्या मन लावून ऐकली नव्हती. तर ट्रॅक्टरात तीन जाती. एक साध्या गिअरचा, त्यात दरवेळी क्लच दाबून दांडा बदलायचा. दुसरा शटलचा, म्हणजे पुढे-मागे जायला एकच कांडी. आणि तिसरा हायड्रोस्टॅटिक. त्याचं नाव घेताना माझी कवळी सुटते, म्हणून मी त्याला पेडलवाला म्हणते. पेडल दाबलं की चालतो, पाय उचलला की मंदावून थांबतो. पेडलवाल्याच्या पानावर तू लिहिलंयस की त्याला डिझेल जास्त लागतं, नांगराला जोर कमी मिळतो, किंमतही चढी. गिअरवाल्याखाली मात्र दोन रेघा ओढल्यास. आणि दुकानदार म्हणे सांगतो, गिअरच्या गाडीवर माणूस खरा मालक असतो. त्या दुकानदाराने आपला उतार पाहिलेला नाही.

मी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला चहाला बोलावलं. तो दोन कप प्यायला आणि तासभर बोलला, त्यातलं कामाचं एवढंच: उतारावर गाडीला इंजिन धरून ठेवतं, आणि क्लच दाबला की ते धरणं सुटतं. पेडलवाल्यात पाय उचलला तरी धरणं सुटत नाही. मात्र दांडा मध्ये, न्यूट्रलला, आणून मोकळा सोडलास तर तोही पळेल, आणि उभा करताना ब्रेक लावायलाच हवा. मी विचारलं, हे तू आम्हाला चाळीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस? तो हसला. म्हणाला, आजी, तेव्हा मी रांगत होतो. मीही हसले. मग मी त्याच्या रिकाम्या कपात साखर घालत बसले, ते तुझ्या बायकोने पाहिलं. तिचं लक्ष फार असतं. तुझ्यापेक्षा बरी आहे.

लहानपणी तू मला चिडवायचास, आठवतं? मी खुर्चीत बसले की माझा डावा पाय जमीन दाबत राहायचा. आजी शिलाई मशीन नसतानाच शिवते, असं तू घरभर सांगत सुटायचास. मी तुला लाटणं दाखवायची. पाय अजून दाबतो. आत्ता हे सांगतानाही दाबतोय. आणि बागेच्या तळाशी ओढ्याकडचं ते वाकडं फाटक. तुझा बाप कितीदा म्हणाला, खांब सरळ करू या. मी करू दिलं नाही. म्हातारीचा हट्ट म्हणून त्याने सोडून दिलं. तो खांब तुम्ही समजता तसा मुरूम खचून वाकलेला नाही.

तुझ्या आजोबांचं काय झालं ते तुला शाळेत जाण्याआधीपासून पाठ आहे. ट्रॅक्टर उतारावर उभा केला, फाटक उघडायला उतरले, ब्रेक लावायला विसरले, गाडी मागून आली. लोक अजून तसंच सांगतात. गेल्या आठवड्यात तूही फोनवर म्हणालास, काळजी करू नकोस, मी आजोबांसारखा विसराळू नाही. तू सहज बोललास. मी दोन दिवस जेवले नाही. हिला पोट बिघडलंय असं सांगितलं आणि हिने मला बिचारीने ओवा दिला.

विसराळू? तो माणूस झोपायला जाताना कडी तीनदा ओढून बघायचा. माझ्या चपला दारात तिरक्या दिसल्या तर सरळ करून ठेवायचा. ब्रेक तो विसरला नाही, कारण त्या दिवशी ट्रॅक्टरवर तो नव्हता. मी होते.

लिही गं. थांबू नकोस, थांबलीस तर मला परत बोलता यायचं नाही. त्याने मला चालवायला शिकवलं होतं, वरच्या सपाट रानात. घाबरलीस तर दुसरं काही करू नकोस, म्हणायचा, आधी क्लच दाब. आणि सपाटीवर ते खरंच होतं; क्लच दाबला की गाडी लगेच गुमान उभी राहायची. आठ दिवसांत मला वाटायला लागलं की मी राणी आहे. नवव्या दिवशी मीच म्हटलं, आज उतारावरून मी नेते. तो पुढे चालत फाटकाकडे गेला. पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीसारखी येत होती. फाटकाची कडी अडकली होती, तो माझ्याकडे पाठ करून ती ओढत होता, आणि मला वाटलं, आता थांबायला हवं. मी घाबरले. त्याने शिकवलं होतं तेच केलं. गाडी सुटली तशी मी क्लच आणखी जोरात दाबला. ब्रेक उजव्या पायाखाली होता, पण मी सगळा जीव डाव्या पायात घातला. गाडी त्याच्यावर गेली आणि फाटकाचा खांब वाकवून थांबली. शेजारी धावत आला तोवर मी उतरून त्याच्याजवळ बसले होते. अरेरे, ब्रेक विसरला, असं शेजारी म्हणाला. मी नाही म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही. त्याचा जीव गेला माझ्या पायाने, नाव गेलं माझ्या तोंडाने.

आता हे का सांगतेय ते ऐक. मागच्या रविवारी तू आला होतास, शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर मागून आणलास आणि वरच्या सपाट रानात हिला चालवायला शिकवत होतास. मी बांधावर बसले होते. तू हिला म्हणालास, घाबरलीस तर काही करू नकोस, आधी क्लच दाब. तुला ते कुणी शिकवलं? तुझ्या बापाने, आणि त्याला त्याच्या बापाने. तू गेल्यापासून ही रोज त्याच ट्रॅक्टरवर सराव करते. काल जेवताना म्हणाली, आजी, आता मला उतारही जमेल, हे आले की फाटक उघडायला पुढे जातील आणि मी गाडी आणीन. म्हणून हे पत्र मुद्दाम तिच्याच हातून लिहून घेतलंय. तुला कळायला हवं तेवढंच तिलाही कळायला हवं. तिने आत्ता पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललंय. तुझा डावा पाय बघ म्हटलं तर ती बघते आहे. दुकानदाराला उद्याच सांग, पेडलवाला. आणि तो दारात येईपर्यंत तुम्हा दोघांपैकी कुणीही त्या फाटकासमोर उभं राहू नका.

खाली अंगठा माझाच आहे.

तुझीच,
आजी