वन्सं, यंत्र हिरवं घेतलं

ग्रँट टाउनशिप, आयोवा
मे महिन्यातला शेवटचा रविवार, चर्चहून आल्यावर

ती. मर्टलवन्सं यांस,

अर्डिथचा नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुमच्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. (गेल्या गुरुवारी मी गेले होते, पण ते पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत सांधे मोकळे झाले असं तुम्ही नाताळच्या कार्डात लिहिलं होतं, आणि दारापुढे गवत नाही, नुसती खडी आहे, ती वर्षातून एकदा दाताळ्यानं ओढली की झालं, असंही लिहिलं होतं. वाचून हेवा वाटला असं लिहायची पद्धत आहे. मला काही वाटला नाही. खडीकडे बघत माणसानं करायचं काय? माझी तब्येत ठीक. ब्लडप्रेशरची गोळी अर्धी केली आहे, म्हणजे डॉक्टरनं नाही, मी केली. मी सहावीपर्यंतच शिकलेली, तेव्हा शुद्धलेखन आहे तसं चालवून घ्या. साठ वर्षं मला चालवून घेतलंत, त्यापेक्षा हे सोपं आहे.

तर हार्लनचं ते लाल गवत कापायचं यंत्र, ज्यावर तुमचा भाऊ सिंहासनावर बसल्यासारखा बसायचा, ते एप्रिलात गेलं. आधी पांढरा धूर, मग काळा धूर, मग काहीच नाही. ऑर्विलनं (म्हणजे आपला पलीकडचा शेजारी, तुम्हाला शाळेच्या नाचाला घेऊन गेलेला तोच, आता त्याचं कान सोडून सगळं उतरणीला लागलंय) झाकण उघडून आत बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, "अर्डिथ, याला आता निरोप द्या." मी भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं. डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. लोखंड ते लोखंड.

पण आमच्या ड्वेनला निमित्तच हवं होतं. तो आणि सूनबाई जोलीन दोन तास गाडी हाकत आले, येताना दुकानातला केक आणला (माझ्या घरी!) आणि माझ्याच टेबलाशी बसून मला सांगायला लागले की आई, तीन एकर आवार, तू एक्क्याऐंशीची, शहरात आमच्या जवळ छान दोन खोल्या आहेत, लिफ्टसुद्धा आहे. मी म्हटलं, "मला वर जायचं असेल तेव्हा लिफ्ट लागणार नाही." जोलीन हसली. ड्वेन नाही हसला. तो तुमच्या घराण्यावर गेलाय. शेवटी ठरलं ते असं: थडगी सजवायच्या दिवसापर्यंत, म्हणजे उद्याच्या सोमवारपर्यंत, मी एकटीनं सगळं आवार नीट राखून दाखवलं तर मी इथंच राहायचं. नाही तर टपालपेटीशेजारी घर विकायची पाटी. वन्सं, त्या टपालपेटीचा खांब हार्लननं आणि मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पुरलाय, तो तेव्हापासून वाकडा आहे आणि वाकडा का आहे यावर आमचं तेव्हापासून भांडण होतं. तिथं परक्याची पाटी मी लावू देणार होते थोडीच!

पेट्रोलचा डबा आता माझ्या खांद्याला उचलत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारं, बसायचं यंत्र घ्यायचं ठरलं. जोलीननं संगणकावरून चाळीस पानं छापून पाठवली. कुठलं यंत्र एका दमात किती एकर कापतं, चढावर किती, पातं किती रुंद, सगळं होतं. बसायची जागा किती रुंद ते एकाही पानावर नाही. ही पानं लिहिणाऱ्यांना बूड नसावं. मी ती पानं रुबार्बच्या रोपांखाली अंथरली आणि सरळ बी-बियाण्यांच्या दुकानात गेले. तिथली ट्रूडी (साठीची आहे, पण स्वतःला पोर समजते) मला मागच्या अंगणात घेऊन गेली. तीन यंत्रं उभी. एक पिवळं, ते मी बघितलंच नाही. एक लाल. एक हिरवं.

आता इथं तुम्ही चष्मा पुसून घ्या. मी आधी लालकडेच गेले, देवाशपथ. तुमच्या घरात तीन पिढ्या ट्रॅक्टर लाल, मळणीयंत्र लाल, हार्लनच्या टोपीची चोचसुद्धा लाल, मला माहीत नाही का? पण त्या लाल यंत्राची पायरी इतकी उंच की माझा पाय पोचेना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ट्रूडीनं मला मागून अशा जागी टेकू दिला की तिथं हार्लननंही लग्नाआधी हात लावला नव्हता. वर पोचले तर ती बैठक चर्चच्या बाकासारखी, पापं आठवायला लावणारी. उतरले. मग ट्रूडी म्हणाली, "बसून तर बघा, काकू, बसायला काय जातंय?" आणि मी हिरव्यावर बसले. बुटकं, हात ठेवायला दोन बाजूंना दांडे, आणि बैठक अशी की बसल्याबरोबर मी नऊ वर्षांची झाले. आमचे बाबा ओट कापायला निघाले की मला त्यांच्या हिरव्या ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसवायचे, पत्रा तापलेला, मांड्या भाजायच्या, पण उतरायचं नाव नाही. त्यांच्या शर्टाला तंबाखूचा आणि वंगणाचा वास यायचा. तो वास मला त्या कोऱ्या यंत्रावर आला, ज्यात वंगण नावालासुद्धा नाही. म्हातारपणी नाकसुद्धा खोटं बोलतं. मी म्हटलं, "हेच बांधा."

सासर लाल, माहेर हिरवं, ट्रॅक्टरच्या दोन कंपन्या म्हणजे दोन धर्मच. आमच्या लग्नाला बाबा हिरवा ट्रॅक्टर घेऊन आले (मोटार त्या आठवड्यात बंद होती) तर मामंजींनी तो गोठ्याच्या आड, रस्त्यावरून दिसणार नाही असा उभा करायला लावला, आणि तुम्ही करवली म्हणून माझ्या डोक्यावरची जाळी सारखी करताना हार्लनला म्हणालात, "हिरव्यांची आणलीस खरी, गंज चढत नाही ना बघ." मी ऐकलं होतं. साठ वर्षं जपून ठेवलंय. चढला थोडा, पण अजून चालतेय.

आता आपली फजिती सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. पहिल्याच आठवड्यात यंत्र रात्रभर विजेला लावून ठेवायचं असतं, ते मी लावलं. मग गराजमध्ये मोठा फ्रीज बंद दिसला, त्यात अख्खं अर्धं डुक्कर, म्हणून यंत्राची पिन काढून फ्रीजची लावली आणि विसरले. सकाळी दव वाळल्यावर निघाले थाटात. अगदी पार टोकाला, चराच्या कडेला, उतारावर, यंत्र थांबलं. लाल यंत्र बंद पडायचं तेव्हा खोकून, शिव्या देऊन पडायचं, आजूबाजूला कळायचं. हे नुसतं गप्प झालं, जोलीन रुसते तसं. शेवटी ऑर्विल आला आपला ट्रॅक्टर घेऊन, आणि तो लाल. पुढे त्याचा लाल, मागे दोरीला माझं हिरवं, हिरव्यावर मी, हातात पर्स. (पर्स का नेली होती विचारू नका.) पायी चाललो असतो तर लवकर पोचलो असतो. रस्त्यानं येणाऱ्या प्रत्येक गाडीला ऑर्विलनं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला, म्हणून प्रत्येक गाडी हळू झाली, म्हणून प्रत्येकानं बघितलं. बाबा असते तर विहिरीत उडी मारली असती, आणि मामंजींनी पदकासारखा तो दोर जपून ठेवला असता.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. हे यंत्र आवाज करत नाही, वन्सं. नुसतं घुं घुं, मधमाशी खिडकीत अडकल्यासारखं. मला हे चांगलंच वाटलं होतं, कारण हार्लनच्या यंत्राचा आवाज मी चाळीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकला आणि चाळीस वर्षं त्याबद्दल कुरकुरले. पण त्या आवाजावरून मला सगळं कळायचं. आवाज उंच झाला की तो चढावर. बारीक झाला की झाडांच्या रांगेमागे. थोडा थांबून परत सुरू झाला की टिटवीचं घरटं वाचवून वळसा घेतोय. (दरवर्षी ती मूर्ख टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालायची आणि हा तिच्याभोवती परातीएवढं गवत तसंच सोडायचा.) पूर्ण थांबला की कॉफी ठेवायची. आणि चार वर्षांपूर्वी त्या गुरुवारी आवाज थांबला नाही, वाढला नाही, एकाच जागी राहिला, टपालपेटीजवळ. मला वाटलं टपालवाल्याशी गप्पा मारतोय. मी ॲपल पायच्या पारीच्या कडा दाबून पूर्ण केल्या, मग गेले. यंत्रावरच पाय खाली टेकून बसला होता, कुणाची वाट बघत असल्यासारखा. मी आधी किल्ली फिरवून यंत्र बंद केलं, मग बाकीचं. त्याला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरातल्या जेवणात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की मी त्याला तसल्या उन्हात गवत कापायला पाठवलं. मी नव्हतं पाठवलं, वन्सं. मी म्हटलं होतं, उद्या काप. तो म्हणाला, "उद्या शुक्रवार आहे." बस्स, एवढंच बोलणं.

तर गेल्या गुरुवारी. (गवताचा वार हार्लनपासून गुरुवारच.) ऑर्विल आपल्या ओसरीत बसून माझ्या यंत्राची वाट बघत होता. साडेनऊ झाले, दहा झाले, आवाज नाही. उन्हासाठी मी पडदे ओढून ठेवले होते, ते त्याला दिसले. आता दुसरा कोणी असता तर येऊन दार वाजवलं असतं. पण आपल्याकडची माणसं तुम्हाला माहीत आहेत. मी मेले नसले तर उगाच त्रास होईल म्हणून तो आला नाही. त्यानं चर्चमध्ये फोन केला. तिथून बायकांची फोनची साखळी सुरू झाली, आणि नवव्या बाईपर्यंत पोचेस्तो मी मंगळवारीच गेले होते आणि मला मांजरानं शोधून काढलं होतं. (माझ्याकडे मांजर नाही.) मी झाडांच्या मागच्या एकरात निवांत कापत होते. दमले नव्हते, बॅटरी पूर्ण भरलेली, वारा छान. वळण घेऊन पुढे येते तो दारात सहा गाड्या. सात बायका हातात झाकलेली भांडी धरून उभ्या, एक अख्खं हॅम, दोन पराती भरून चीज घातलेले बटाटे, आणि किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली तिघींनी केलेली. मी हळूच मागून गेले, आवाज नाही ना, आणि विचारलं, "काय गं, कोण गेलं?"

हेलनच्या हातातली जेली गेली, एवढं खरं.

मग मिनर्व्हा म्हणाली, "हॅम तर शिजलंय." मग काय, माझ्याच टेबलावर माझंच तेराव्याचं जेवण झालं, आणि मी दोनदा वाढून घेतलं. माझ्याबद्दल चांगलं काय बोलणार होता ते आत्ताच बोला म्हटलं, तर मिनर्व्हानं बराच विचार करून सांगितलं की तुझ्या ॲपल पायची पारी हलकी असते. साठ वर्षांत एवढंच जमा झालं. ऑर्विल सगळ्यात शेवटी आला, टोपी हातात चुरगाळत, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवाज नव्हता, अर्डिथ." मी त्याला हॅमचा मोठा तुकडा वाढला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यानं हद्दीवरून माझ्या बाजूचा एक पट्टा जास्त कापलेला. नेहमीचा एक असतो. या वेळी दोन.

पण साखळी ड्वेनपर्यंत पोचली होती. तो त्याच गुरुवारी काळा सूट घालून आला, टाय उलटा, आणि मला दारात उभी बघून पायरीवर मटकन बसला. माझं पोर साठीला टेकलंय, वन्सं, त्याला असं बसलेलं मी शाळा सुटल्यापासून बघितलं नव्हतं. मी त्याला वर खेचलं आणि सगळं आवार फिरवलं. तीन एकर, कडा सरळ, चराच्या काठानं कातरीनं कापल्यासारखं. मधेच एक परातीएवढं गवत सोडलेलं बघून तो थांबला. मी म्हटलं, तिथं दगड आहे, पातं खराब होतं. तेवढ्यात टिटवी ओरडत उठली.

म्हटलं, "आता सांग पाटी कुठं लावतोस." तो म्हणाला, "आई, गवताचं मान्य. पण तू खरंच पडली असतीस तर कुणाला कळलं असतं?" त्याला माझ्या गळ्यात बटणवाली माळ घालायची आहे, दाबली की कुठल्यातरी शहरातली बाई बोलते. गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तशी. मी ठाम नाही म्हटलं, आणि पाटीचं मिटलं. कसं मिटलं ते खाली लिहिते. उद्या बागेतल्या पिओनीची फुलं कॉफीच्या डब्यात घालून हार्लनकडे नेणार आहे, तुमच्या नावाचाही एक डबा ठेवीन. उन्हात जास्त बसू नका. खडी ओढायला कुणाला तरी बोलवा.

तुमची (हिरवी) भावजय,
अर्डिथ

ता.क. लाल यंत्र भंगारवाल्यानं नेलं असं वर लिहिलंय, ते पुसायला खोडरबर सापडत नाही. ते शेडमध्येच आहे. त्यावर बी-बटाट्यांची पोती ठेवायला सोयीचं पडतं, दुसरं काही नाही.

दुसरा ता.क. ड्वेनला मी सांगितलं की माळेची गरज नाही, कारण दर गुरुवारी सकाळी दहाला तुझी मर्टलआत्या मला फोन करते, चार वर्षं झाली, एकही गुरुवार चुकला नाही. त्याचा विश्वास बसला. तोंड इतकं हलकं झालं त्याचं की मला खरं सांगवेना. तो तुम्हाला विचारील. तळघरातलं तुमचं बोलणं मी विसरलेले नाही, पण त्याचं ओझं गुरुवारी दहाला बाजूला ठेवता येईल. पैशाची चिंता नको, जास्त बोलायचं नाहीच आहे. येता गुरुवार पत्राला गाठता येणार नाही, त्याच्या पुढच्यापासून करा.

तिसरा ता.क. मी फोन उचलला नाही तर समजा सगळं ठीक आहे, मी बाहेर गवत कापतेय. उचलला तर काळजी करा, काहीतरी बिनसलंय. (मेले असले तरी उचलणार नाही, हे आता माझ्या ध्यानात आलं. तेव्हा बाराला पुन्हा करा. बाराला मी कॉफी ठेवते.)