दुसरी चावी

आई, तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहितेय, कारण जी गोष्ट गेले आठ दिवस डाचते आहे ती या घरात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. यांना सांगितलं तर म्हणतील, ऑफिसात चालतंच असं, सोड आता. तुझा नातू मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतो, तेही कानातले इअरफोन न काढता. तू मात्र बँकेतली होतीस. हेड कॅशियर.

माझी बँक परदेशातली, पसारा जगभर, आणि तिचे आकडे जुळवणारे आम्ही काही जण इथे उत्तरेत, शहराबाहेर चिनहटच्या पुढे, काचेच्या इमारतीत बसतो. बँक बुडू नये म्हणून दोन गोष्टी पाहतात. नुकसान झालंच तर सोसायला तिचं स्वतःचं भांडवल किती, आणि उद्या ठेवीदार एकदम दारात येऊन उभे राहिले तर महिनाभर पुरेल एवढा पैसा लगेच उभा करता येईल का. ही दुसरी बाजू माझ्याकडे. त्यात सरकारी रोखे धरतात, कारण ते केव्हाही विकता येतात. पण कुठे गहाण पडलेले रोखे धरायचे नाहीत. सोनाराकडे ठेवलेल्या पाटल्या कपाटात आहेत असं म्हणायचं नाही, एवढंच ते. एक जण आकडे भरतो, दुसरा तपासून मंजुरी देतो, आणि त्या मंजुरीशिवाय अहवाल नियामकाकडे जात नाही. मंजुरी देणारी मी. तुझ्या तिजोरीला दोन चाव्या होत्या ना, तसंच.

गेल्या महिन्याचा अहवाल आला तेव्हा मी मलिहाबादला होते. रविवार होता, दशहरी आंब्यांचे दिवस, बागवाल्याने बादलीत गार पाणी घालून आंबे ठेवले होते. आकडे भरणारी माझी सहकारी सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसली होती. सात वर्षं घरी राहून, मुलं मोठी करून नोकरीवर परतलेली बाई, कामाला वाघ. तिने गहाण रोख्यांची यादी सोबत जोडली होती. मी ती उघडली नाही. हात आंब्याने बरबटलेले, करंगळीने फोनवर मंजुरी दाबली. नंतर निघालं की एक मोठा गठ्ठा यादीत गहाण होता आणि आकड्यात मोकळा धरला होता. तो वजा करूनही आम्ही मर्यादेच्या वरच राहिलो. कुणाचा रुपया गेला नाही.

पण चौकशी लागली. मुख्य कचेरीतल्या साहेबांनी व्हिडिओवर विचारलं, तुम्ही काय तपासलंत? आणि आई, माझ्या तोंडून निघून गेलं की मी तिला फोन करून विचारलं होतं, ती म्हणाली रोखे मोकळे आहेत. मी फोन केलाच नव्हता. इतक्या सहज निघालं ते, की मलाच क्षणभर खरं वाटलं.

तेव्हापासून तुझ्या शाखेतली पेन्शन वाटायची ती एक तारीख डोळ्यांसमोरून हलत नाही. तुला एकशे तीन ताप. मी चौदा वर्षांची, शाळा बुडवून तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय. तुझी चावी रव्याच्या डब्यात, आणि तू सकाळीच निरोप धाडला होतास की दुसऱ्या अधिकाऱ्याने रजिस्टर घेऊन यावं, सही करून चावी न्यावी. मॅनेजरसाहेबांच्या हाती ती जायची नाही, कारण पहिली चावी त्यांच्याकडे आणि दोन्ही एका हाती नकोत. तुला झोप लागली आणि साहेब स्कूटरवरून आले. तू उठलीस तेव्हा डब्यात चावी नव्हती. तू मला विचारलंस, मी म्हटलं, साहेबांनी मागितली म्हणून दिली.

तू तशीच उठलीस. साडी कशीबशी गुंडाळून, रिक्षा करून, मला बखोटीला धरून शाखेत गेलीस. तिजोरी उघडलेली, पेन्शनरांची रांग लागलेली, पै न् पै जागेवर. सगळ्यांसमोर तू विचारलंस, "आपने माँगी थी?" साहेबांनी तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "जी, माँगी थी।" तू रजिस्टरात तसं लिहिलंस, खाली स्वतःचीही हलगर्जी लिहिलीस. तुलाही मेमो मिळाला. त्यांची बदली झाली बुंदेलखंडात कुठेतरी. रिक्षात मी म्हटलं, पण गेलं तर काहीच नाही ना? तू म्हणालीस, "काही गेलं नाही म्हणून चूक झाली नाही असं होत नाही, बाई." आणि साहेबांच्या घरून ईदला येणारी शेवयांची वाटी तू पुढे कधी घेतली नाहीस.

काल दुपारी कँटीनमध्ये माझी ती सहकारी माझ्यासमोर येऊन बसली. चार दिवस झोपली नसावी. आवाजात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. म्हणाली, "मॅम, मुझे याद ही नहीं आ रहा। आपने पूछा होगा, मैंने कह दिया होगा।" आज चार वाजेपर्यंत तिला लेखी खुलासा द्यायचा आहे आणि ती हेच लिहिणार आहे. न आलेला फोन ती कबूल करणार आहे, का तर मॅम खोटं कशाला बोलतील! मी हातातला चमचा खाली ठेवला.

आज घरून काम करतेय. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटला आहे, खिडक्या बंद. दोन वाजून दहा मिनिटांनी मी चौकशीवाल्यांना मेल पाठवली. फोन केला नव्हता, यादी आली होती, मी उघडली नाही. तीन ओळी. तिलाही तीच पाठवली. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. काय येईल ते येवो, नोकरी गेली तर जाईल. भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मेल लिहिताना हात थांबला तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. आई, साहेबांनी त्या दिवशी चावी मागितली नव्हती. ते फक्त तुझी तब्येत विचारायला आले होते, दारातच उभे होते. म्हणाले, आराम करने दो, आज भीड़ है, पर देख लेंगे. मीच आत धावले, डबा उघडला, रव्याने माखलेली चावी फ्रॉकला पुसून त्यांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, बड़ी समझदार बिटिया है. मला फार बरं वाटलं होतं.