सेवंतीची रोजची पाच वाक्यं

३ फेब्रुवारी, सोमवार
तक्ता झाला एकदाचा. डावीकडे कॅन, शुड, मे, मस्ट, मस्ट नॉट. उजवीकडे लुक आफ्टर, वेट फॉर, आस्क फॉर, डिपेंड ऑन. दोन्हीकडून एकेक उचलायचं, जोडायचं, वाक्य करायचं. नववीच्या बेचाळीस मुली, सगळ्या इथल्याच वसतिगृहात राहणाऱ्या. घरी भिली नाहीतर पावरी, शाळेत मराठी, आणि त्यावर माझं हे इंग्रजी. रोज पाच वाक्यं लिहायची, स्वतःच्या आयुष्यातली. प्रशिक्षणात सांगितलंय, मूल स्वतःचं काही सांगायला लागलं की भाषा येते. सांगू दे. मला शब्द बरोबर जोडलेले हवेत, बस.

६ फेब्रु., गुरुवार
बेचाळीस वह्या आणि एक मधली सुट्टी. युक्ती सापडली. नजर फक्त क्रियापदावर आणि त्याच्या पुढच्या शब्दावर ठेवायची, बाकी वाक्य वाचायचंच नाही. बरोबरची खूण, सही, तारीख. घंटेच्या आत गठ्ठा संपला, वर चहाही झाला. स्वतःवर जाम खूश.

११ फेब्रु., मंगळवार
सेवंतीनं लिहिलं, आय मस्ट लुक आफ्टर मिना. मिना तिची धाकटी बहीण, इथेच पाचवीत. पुढचं वाक्य मात्र उलटं. माय लेग्ज कॅनॉट डिपेंड ऑन मी. मी लाल रेघ मारली. "अगं, पाय तुझ्या भरवशावर नसतात, तू पायांच्या भरवशावर असतेस." वर्ग हसला, तीही हसली. बाक दोन्ही हातांनी धरून उभी होती. हे आत्ता लिहिताना आठवलं.

१४ फेब्रु., शुक्रवार
आज मस्ट नॉट. म्हणजे सक्त मनाई. बाकी सगळ्यांनी तेच ते, कचरा टाकू नये, खोटं बोलू नये, तेही शब्द कसेही जोडून. एकट्या सेवंतीचं चोख. आय मस्ट नॉट आस्क फॉर मेडिसिन. औषध मागायचं नाही. एक चूक नाही! 'गुड' लिहिलं, सही केली, आणि तिला उभं करून वाक्य वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग चिडीचूप. वाटलं, चला, आज लक्ष देतायत.

२४ फेब्रु., सोमवार
सेवंती शनिवारपासून तासाला नाही. अधीक्षिकाबाईंना विचारलं, वसतिगृह त्यांच्याकडे. "नाटकं हो मॅडम. तुमचा तास बुडवायला पाय दुखतात यांचे." मला रागच आला. सेवंतीचा.

२७ फेब्रु., गुरुवार
सकाळी प्रार्थनेत सेवंती कोसळली. ओठ पांढरे. गाडीत घालून नंदुरबारला नेलं. स्वयंपाकघरातल्या कमलमावशी पदरानं डोळे पुसत सांगत होत्या, "चार रोजपाईन पाय धरी रडी ऱ्हायनी ती पोर. औषध मांगाले गई ते अधीक्षिकाबाई वरडनी, पुन्हा मांगशी ते घर धाडी दिसू म्हने."
दोघी बहिणींना सिकलसेल, हाडं दुखवणारा रक्ताचा आजार. कार्डं ऑफिसच्या कपाटात, गोळ्या अधीक्षिकाबाईंच्या कुलपात. मी जूनपासून शिकवतेय यांना. मला माहीत नाही. विचारलंच कधी?

४ मार्च, मंगळवार
सेवंती गेली. सकाळी फोन आला.
पंधरावं वर्ष

५ मार्च, बुधवार
काल पुढे लिहवेना.
आज तिची वही पहिल्यापासून वाचली. पहिल्यांदाच. वाचली म्हणजे सगळी वाक्यं, नुसती क्रियापदं नाही. आय कॅनॉट वेट फॉर होळी. मिना मे आस्क फॉर मी. समबडी शुड लुक अॅट माय लेग्ज. प्रत्येकापुढे माझी लाल खूण. ती मला रोज सांगत होती आणि मी रोज सही करत होते. स्वतःची किळस येते. दुसरा शब्द नाही.

७ मार्च, शुक्रवार
येत्या बुधवारी चौकशी. अधीक्षिकाबाईंनी लेखी दिलंय, मुलीनं कधीच काही सांगितलं नाही. हेडसरांनी नववीच्या इंग्रजीच्या वह्या मागवल्या, 'जपून ठेवायला'. मी एक्केचाळीस दिल्या. त्यांनी दोनदा मोजल्या. मग दार लोटून हळूच म्हणाले, "त्या वहीवर तुमनी सही शे, मॅडम. गुड कोन लिखं? आधी तुम्हीच अडकशात. इचार करा."
धमकी म्हणावी तर आवाज काळजीचा. आणि बोलणं खरं. मी तासिका तत्त्वावर. जूनमध्ये मला परत बोलावतील की नाही, ते यांच्याच हातात.
विचार करतेय. नुसता विचारच करतेय.

१० मार्च, सोमवार
सेवंतीचे वडील आले, काठी गावाच्या बाजूहून, अनवाणी. हेडसरांनी खुर्ची दिली, ते भुईवरच बसले. हेडसरांना वाटलं बुजले. बुजले नव्हते. होळीचा नवस आहे, तोवर चप्पल नाही, खाट-खुर्ची नाही. नवस दोन्ही पोरींसाठी धरलेला. एक गेली तरी सोडला नाही. "लहानी हाये ना अजून," म्हणाले.
मला म्हणाले, "बाई, पोरीची वही हाये तुमच्याकडं? वाचा ना."
पिशवीतून काढली. ११ तारखेचं पान उघडलं आणि मराठीत सांगितलं, मला मिनाला सांभाळायचंय. परत वाचा म्हणाले. परत वाचलं. पुढचं पान मी उलटलं नाही. पुढे माझं 'गुड' होतं.
जाताना विचारलं, "लहानीला इथं ठेवू का घेऊन जाऊ? तिकडं शाळा नाय. तुम्ही बोलाल तसं."
म्हटलं, बुधवारी सांगते. भित्री कुठली.

१२ मार्च, बुधवार, दुपार
उद्या होळी. मुली कालच घरी गेल्या. मिनाला तेवढं चौकशीसाठी थांबवलंय.
चौकशीचे साहेब सकाळीच आले. अधीक्षिकाबाईंचं झालं, कमलमावशींचं झालं. मावशी आत काय बोलल्या कळलं नाही. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता गेल्या. चारला मला बोलावणार. हेडसर दोनदा येऊन विचारून गेले, पाणी हवं का.
वर्गात बसून लिहितेय. तक्ता अजून भिंतीवर. काढून टाकायला गेले, हात पोचला नाही.
वडील बाहेर चिंचेखाली भुईवर बसलेत. मिनाची पेटी अजून वसतिगृहातच आहे. भरायची की नाही, ते माझ्याकडून कळायचं आहे.
मघाशी त्यांच्याकडे गेले होते. मिना बापाला टेकून पोटरी चोळत होती. मी खाली बसले. विचारलं, पाय दुखतोय का गं?
तिनं आधी व्हरांड्यात उभ्या अधीक्षिकाबाईंकडे बघितलं. मग नाही म्हणाली.
चारला दहा कमी. वही पिशवीत आहे.