कवच वेदांतला गेलं त्याबद्दल

चिंचोटी,
मंगळवार

ती. सौ. जयवंती आत्या हिच्या पायांना प्रितेशचा नमस्कार पोचावा, आणि तिने पाय मागे घेऊ नयेत.

तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचा खोकला? तुझ्या सुरजचा हात कसा आहे हे विचारायची माझी लायकी नाही, तरी विचारतो. पत्र लिहितोय कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तू आधी रडतेस, मग ओरडतेस आणि मुद्दा राहून जातो. मी मायकलकडे आहे. धबधब्याच्या वाटेवर त्याची भज्यांची टपरी आहे. सध्या धबधब्याला पाणी नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, म्हणून मीच भजी तळतो आणि मीच खातो. मायकल उद्या वसईला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतो.

आधी केळीचं. तुझ्या वाडीतली रीत मला माहीत नव्हती असं नाही. खोडाला अर्धा काप द्यायचा, झाड सावकाश वाकतं, खालचा माणूस घडाला खांदा लावतो, "धरला" म्हणतो, मग वरच्याने दांडा तोडायचा. खाली सुरज होता. तो "धरला" म्हणाला की म्हणायचा होता ते आठवत नाही, मी कोयता मारून मोकळा झालो. (माझं लक्ष शेजारच्या वाडीतल्या भारद्वाजाकडे होतं. भारद्वाज दिसला की शुभ होतं म्हणतात. कोणाचं, ते सांगत नाहीत.) घड मनगटावर, मनगट प्लास्टरात, आणि विरारची स्पर्धा आठ दिवसांवर.

तुझ्या मते तो मोबाइलवरचा खेळ म्हणजे पाच जणांनी एकत्र बसून एकमेकांशी न बोलणं. तसं नाही गं. पाचाविरुद्ध पाच असतात, ज्यांचा किल्ला पडला ते हरले. त्यात सुरजचं काम मारायचं नाही, वाचवायचं. त्याच्याकडे एक कवच असतं. ते ज्याच्यावर टाकलं तो चार सेकंद मरत नाही. मग पुन्हा तयार व्हायला दीड मिनिट लागतं, आणि दीड मिनिटात तिथे माणसं कुळासकट संपतात. हे कवच टाकायच्या दोन तऱ्हा सेटिंगमध्ये असतात. पहिलीत बटण दाबून धरायचं, कवच कोणाकडे निघालंय ती रेघ दिसते, अंगठा सरकवून माणूस निवडायचा आणि मग अंगठा उचलायचा. चुकतंय वाटलं तर फुलीवर नेऊन रद्द करायचं. दुसरीत टिचकी मारली की गेलं. कोणाला, ते फोन ठरवतो, म्हणजे जो सगळ्यात जवळ असेल त्याला. सुरज पहिलीवाला. त्याने स्वतःची जागा मला दिली, स्वतःचा फोन दिला (माझा कामणच्या गटारात आहे, ती वेगळी गोष्ट) आणि एवढंच बोलला, "सेटिंगला हात लावू नको हां."

दोन दिवस नाही लावला. तिसऱ्या दिवशी लावला. ती रेघ दिसेपर्यंत मला दम निघत नाही. (आयटीआयचा फॉर्मही असाच भरला. प्लंबर व्हायचं होतं, वेल्डिंगला नंबर लागला, तेही सहा महिने.) वाईट म्हणजे ते जमलं. पहिल्या दोन फेऱ्या आम्ही टिचकीवर जिंकलो. दिपिका, म्हणजे टीमची कॅप्टन, बँकेत आहे, चेहऱ्यावर कायम "सही जुळत नाही", तीसुद्धा "शाब्बास" म्हणाली. आठवीनंतर मला कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

मग फायनल. दिपिका एकटी पुढे घुसलेली, समोरचा किल्ला पडायला आलेला, तिला तीन सेकंद हवे होते. मी टिचकी मारली. माझ्या सगळ्यात जवळ वेदांत. हा आमचाच गडी, पण आईचा फोन आला म्हणून खेळातला माणूस झुडपात उभा करून "हो, दूध घेऊन येतो" चाललेलं. अंगावर ओरखडा नाही. सगळं कवच त्याला. हळदीच्या मांडवातल्या नवऱ्यासारखा झळकला झुडपात. दिपिका मेली, मग ओळीने आम्ही.

"प्रितेश, कवच कोणाला घातलंस?"

"फोन हँग झाला," मी म्हटलं.

सुरज मागे प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, शर्टाला पुसला, खिशात टाकला. रिक्षातून सांडोरला तुझ्या घरी येईपर्यंत मी त्या फोनला एवढ्या शिव्या दिल्या की रिक्षावाल्यानेही दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी तुला न सांगता इथे निघून आलो. झाकून ठेवलेल्या भाकऱ्या मात्र आठवणीने आणल्या.

तर आत्या, दांडीवरचे माझे दोन शर्ट मायकलकडे दे. बाकी सगळं बरं चाललंय.

तुझा,
प्रितेश

ता. क. शर्ट नकोत. परवा रविवारी वेदांत इथे येऊन सांगून गेला की पुढच्या महिन्याच्या स्पर्धेला दिपिका सुरजच्या जागी दुसरा घेतेय, कारण सुरजचा फोन हँग होतो. तो हँग होत नाही, आत्या. सोमवारी त्याचं प्लास्टर निघेल तेव्हा टीममधली चार वर्षांची जागा गेलेली असेल. हे पत्र त्याला वाचून दाखव. मला तोंडावर जमणार नाही.

आणखी ता. क. मायकल निघतच होता, तेवढ्यात त्याच्या फोनवर दिपिकाचा माझ्यासाठी फोन आला. (नंबर सुरजने दिला म्हणे.) तिने सुरजचा फोन मागून घेऊन तपासला. टच ठणठणीत, सेटिंग सापडली. सुरजला विचारलं तर म्हणाला, "मीच तशी ठेवली होती, प्रितेशला सांगायचं विसरलो." असा बेफिकीर माणूस मला टीममध्ये नको, म्हणाली. खरं का, तिने मला विचारलं. मी "हो" म्हणालो. आत्या, मी हो म्हणालो. तेव्हा सुरजला काही वाचून दाखवू नको, त्याला पहिल्यापासून माहीत आहे. हे पत्र दिपिकाला पोचव. आतोबांना गुरुवारच्या आत विरारला तिच्या घरी पाठव, पत्ता मी मायकलला सांगितलाय. गुरुवारी मी तिच्या दारात जातोय, पण पत्र माझ्याआधी तिच्या हातात पाहिजे. नाहीतर मी समोर उभा राहून तिसऱ्यांदा काहीतरी वेगळंच सांगेन.