आईंच्या कपाटाचं काय करायचं?

आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांना,
इकडून खुशालीचा नमस्कार.

दोन हवेशीर खोल्या ठरवल्या. शाळा समोरच आहे. इकडे राहायला यायचं म्हणून धाकटी अजून रुसलेली आहे का?

तुझ्या आईंचं कपाट विकलं तर छोट्या ट्रकमध्ये सामान मावतं, असा चोख हिशेब मी कुणाच्याही मदतीशिवाय मांडला. घरमालकीणबाईंना ऐटीत दाखवला, तर म्हणाल्या, "मिस्त्री, कपाट मोजलंत, बायकोला विचारलंत का?"

तेव्हा आता विचारतो. कपाट हवं असेल तर माझं सुतारकामाचं मेज तिथेच विकू. इथे नवं बनवायला मला कितीसा वेळ लागणार?

तू मन मारून यावंस, असं मला नको आहे. तुझं उत्तर आल्यावरच ट्रक ठरवीन.

तुझाच,
मोजपट्टीवाला